एडिसनचा कोबा

स्मरणिका समितीने माझ्याकडे लेख मागितला तेव्हा सोसायटीच्या आठवणी लिहा असं सुचवलं होतं. पण बोअरवेल, लिफ्ट आणि कन्व्हेयन्स डीड या तिन्ही विषयांवर माझ्यापेक्षा जाणकार सभासद लिहीत आहेत असं कळलं. शिवाय मी नऊ वर्षं खजिनदार होतो, आणि खजिनदाराच्या आठवणी म्हणजे निम्म्या थकबाकीच्याच निघणार. रौप्यमहोत्सवाला ते बरं दिसायचं नाही. म्हणून मी एका जुन्या माणसाचं चरित्र लिहायला घेतलं आहे. थॉमस आल्वा एडिसन हे नाव आपल्या बिल्डिंगमधल्या पहिलीतल्या पोरालाही ठाऊक असेल. शाळेत आपण सगळ्यांनी त्याचा विजेचा दिवा आणि फोनोग्राफ वाचला. त्याने आयुष्याची तीस वर्षं सिमेंटमागे घालवली, हे मात्र मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं, आणि तेही एका गॅरेजच्या जमिनीमुळे.

माझी मुलगी आणि जावई अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतात. गावाचं नावच एडिसन. आपल्या मराठी मंडळींची तिथे बरीच वस्ती आहे, आपल्या सोसायटीतल्या काही घरांची मुलंही त्याच बाजूला आहेत. हे गाव पूर्वी रॅरिटन टाउनशिप होतं, १९५४ साली लोकांनी नाव बदललं, कारण दिव्याचा शोध जिथे लागला ते मेन्लो पार्क याच हद्दीत येतं.

मुलीच्या घराला जोडून गॅरेज आहे. मी गेलो तेव्हा मार्च महिना होता. गॅरेजच्या कोब्याचे पोपडे उडाले होते. चाकांच्या दोन पट्ट्यांत तर सिमेंट पार निघून खालची खडी दात विचकत होती. मला वाटलं, भेसळीचं सिमेंट असणार. शेजारी एक निवृत्त रस्ते-इंजिनिअर राहतात, त्यांनी मला खाली वाकवून समजावलं. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ वितळवायला मीठ टाकतात. गाडीच्या चाकांना, पत्र्याला तो खारट चिखल लागून गॅरेजात येतो आणि तिथे वितळतो. ते पाणी कोब्याच्या बारीक छिद्रांत मुरतं. रात्री गोठलं की त्याचं आकारमान साधारण नऊ टक्क्यांनी वाढतं. आपण फ्रीझरमध्ये काचेची भरलेली बाटली विसरलो की सकाळी जे होतं, तेच कोब्याच्या पोटात होतं. दुपारी वितळतं, पुन्हा पाणी शिरतं, पुन्हा गोठतं. एका हिवाळ्यात असं कितीतरी वेळा. मिठामुळे पाणी जास्त मुरतं आणि वरचा थर लवकर सुटतो. सिमेंट बहुधा चांगलंच होतं, असं त्यांचं म्हणणं. ओतताना त्यात पाणी जास्त घातलं होतं. आणि मग ते म्हणाले की या राज्यात कॉंक्रीटबद्दल बोलायचं तर ज्याच्या नावाचं हे गाव आहे त्याच्यापासून सुरुवात करावी लागते. मी चकित झालो. पुढचे दोन महिने मुलीच्या गावच्या लायब्ररीत बसून जे वाचलं ते हे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ रोजी ओहायो राज्यातल्या मिलान गावी झाला. लहानपण मिशिगनमधल्या पोर्ट ह्यूरन इथे गेलं. दोन्ही गावं कडाक्याच्या थंडीची. शाळा नावापुरतीच झाली, आईने घरी शिकवलं. बाराव्या वर्षी आगगाडीत पेपर आणि खाऊ विकू लागला. कान लहानपणीच अधू झाले ते कायमचे. तारायंत्र शिकून गावोगाव नोकऱ्या केल्या. पुढे १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ, १८७९ मध्ये दिवा, १८८२ मध्ये न्यूयॉर्कला वीज पुरवणारं केंद्र. हे सगळं धड्यात आहे म्हणून भरभर सांगतो. पहिली बायको मेरी १८८४ मध्ये वारली, तीन मुलं मागे ठेवून. १८८६ मध्ये त्याने मीना मिलर हिच्याशी लग्न केलं आणि वेस्ट ऑरेंज गावात ग्लेनमाँट नावाचं मोठं घर घेतलं. पलीकडेच १८८७ मध्ये नवी, मोठी प्रयोगशाळा उभारली.

धड्यात जे नसतं ते इथून पुढे. १८९० च्या सुमारास त्याच्या डोक्यात लोखंड शिरलं. न्यू जर्सीच्या उत्तरेला डोंगरात हलक्या प्रतीचं लोहखनिज होतं. दगडाचं पीठ करायचं आणि चुंबकाने त्यातलं लोखंड ओढून काढायचं, ही कल्पना. कागदावर सोपी. त्यासाठी त्याने खोलीएवढे धोंडे चिरडणारे अजस्र लोखंडी रूळ बनवले. आठवडाभर डोंगरावरच राहायचा, रविवारी घरी यायचा. हिवाळ्यात सगळं गोठून काम बंद पडायचं. लोखंडाच्या भुकटीच्या वड्या करायच्या तर त्या उघड्या वाघिणींत पावसाने विरघळायच्या, त्यांना पाण्यात टिकवण्यासाठी कितीतरी प्रयोग करावे लागले. पैसा अपुरा पडला तेव्हा त्याने जनरल इलेक्ट्रिकचे स्वतःचे शेअर्स विकले. मी बँकवाला, त्यामुळे हे वाचताना माझा जीव वरखाली होत होता. दिव्याच्या कंपनीचे शेअर्स विकून दगड फोडायला पैसे! आणि झालं काय, तर मिनेसोटा राज्यात मेसाबी भागात उत्तम प्रतीचं खनिज जमिनीच्या पोटातून नुसतं फावड्याने उचलण्याइतकं स्वस्त मिळू लागलं. लोखंडाचा भाव कोसळला. दहा वर्षं आणि वीस लाखांहून जास्त डॉलर पाण्यात गेले. तरी त्याने कारखान्याची देणी फेडली असं त्याचे चरित्रकार सांगतात. आमच्या भाषेत सांगायचं तर खातं एन.पी.ए. होऊ दिलं नाही.

त्या डोंगरावर दोन गोष्टी उरल्या होत्या. दगडाचं पीठ करायची यंत्रं आणि ती वापरायचं ज्ञान. लोखंड काढल्यावर उरलेली वाळू सिमेंटवाले विकत नेत होते, त्यावरून त्याला पुढचा धंदा सुचला. १८९९ मध्ये त्याने एडिसन पोर्टलंड सिमेंट कंपनी काढली आणि न्यू जर्सीतच न्यू व्हिलेज इथे, जिथे चुनखडी भरपूर होती, कारखाना बांधला. या कारखान्याचा आराखडा त्याने सलग चोवीस तास बसून एका बैठकीत काढला अशी गोष्ट सांगतात.

सिमेंट म्हणजे चुनखडी आणि माती दळायची, भट्टीत भाजायची, जे गोटे निघतात ते पुन्हा दळायचे. त्या वेळी फिरत्या भट्ट्या साधारण साठ फूट लांबीच्या असत. एडिसनने दीडशे फुटांची केली. जाणकारांनी वेड्यात काढलं, एवढी लांब नळी मधे वाकणार म्हणाले. त्याने एका भट्टीतून दिवसाला हजार पिंपं सिमेंट निघेल असं ठरवलं होतं. एक पिंप म्हणजे सुमारे १७० किलो, आपल्या आजच्या साडेतीन गोण्यांना थोडं कमी. सुरुवातीला निम्मंही निघेना. हळूहळू दोष काढत त्याने हजाराचा आकडा ओलांडला, आणि नंतर इतर कारखान्यांनीही लांब भट्ट्या घेतल्या. दळण्याकडे त्याचं विशेष लक्ष. त्याचं सिमेंट बाजारात सर्वांत बारीक म्हणून विकलं जाई. बारीक दळलेल्या कणाला पाणी चांगलं लागतं, न दळलेला जाड कण आत वाळूसारखा नुसता पडून राहतो. मार्च १९०३ मध्ये कोळशाची पूड करण्याच्या विभागात स्फोट झाला, कामगार मेले, कारखाना काही महिने बंद पडला. नंतर तो पुन्हा उभा केला. नफा मात्र त्या कंपनीने त्याला कधी नीटसा दाखवला नाही.

आता आपल्या विषयाचं गॅरेज. १९०८ मध्ये एडिसनने ग्लेनमाँटच्या आवारात मोटारींसाठी गॅरेज बांधलं, सगळं ओतीव कॉंक्रीटचं, स्वतःच्या सिमेंटचं. त्या काळी लोक मोटार घोड्याच्या तबेल्यात ठेवत. तबेल्याला लाकूड, माती, विटा चालतात. मोटार आली की तेल आलं, पेट्रोल आलं, आगीचं भय आलं आणि एका जागी उभं राहणारं मोठं वजन आलं. एडिसनच्या गॅरेजात गाडी उलटी न काढता फिरवायला गोल फिरता चौथरा होता, विजेच्या गाड्या चार्ज करायची सोय होती, गाडी धुवायची जागा होती. मीनाबाई विजेच्या गाडीतून हिंडत. आपल्या सर्वसाधारण सभेत गेली दोन वर्षं चार्जिंग पॉईंटवरून जी भांडणं चालली आहेत ती ऐकताना मला दर वेळी हे गॅरेज आठवतं.

गॅरेज ही खरी रंगीत तालीम होती. त्याच्या मनात घरं होती. न्यूयॉर्कच्या चाळीवजा वस्त्यांत कामगार कोंबून राहत होते, त्यांच्यासाठी अख्खं घर एका दिवसात ओतायचं. बिडाचे साचे, दोन हजारांहून जास्त तुकडे, ते जोडायचे, आणि वरून कॉंक्रीट सोडायचं. भिंती, जमिनी, जिना, न्हाणीचं टब सगळं एकदमच. सहा तासांत ओतणं संपवायचं, काही दिवसांनी साचा काढायचा. घराची किंमत १२०० डॉलर. आपल्याला यात नफा नको, गरिबाला घर मिळावं, असं त्याने जाहीर केलं होतं.

पण इथे पाण्याने गाठलं. वरून ओतलेला माल खाली, आडव्या नळ्यांतून, जिन्याच्या पायरीपायरीत पोचायचा तर तो पिठल्यासारखा वाहता हवा. पाणी वाढवलं तर खडी तळाला बसते, वर नुसतं सिमेंटचं पाणी. एडिसनने त्यात चिकट मातीसारखा पदार्थ घालून खडी तरंगती ठेवायची युक्ती काढली. त्याचं पेटंट मागितलं १९०८ मध्ये आणि मिळालं १९१७ मध्ये. त्या १९१७ सालीच न्यू जर्सीतल्या युनियन गावी, डॉलरला घड्याळ विकणाऱ्या इंगरसोल या उद्योजकाच्या पैशावर अशी दहा-अकरा घरं उभी राहिली. तिथेच थोडं पुढेमागे. हजारो होणार होती, ती मूठभर झाली. साच्याचा खर्च इतका की छोट्या बिल्डरला परवडेना, आणि ज्यांच्यासाठी बांधायची त्यांना गरिबांसाठीचं घर असा शिक्का नको होता. आपल्या सोसायटीच्या पहिल्या मीटिंगला बावीस जण होते आणि बिल्डिंगचा नकाशा बघून सात जण उठून गेले होते, ते मला आठवतं. घर स्वस्त असून भागत नाही, ते आपलं वाटावं लागतं. युनियनमधल्या त्या घरांत लोक पुढे कित्येक दशकं राहिले.

घरांची कल्पना फसत असतानाच त्याच सिमेंटचं एक साधं काम मात्र नीट झालं. १९१२ मध्ये न्यू व्हिलेजच्या कारखान्याजवळच्या रस्त्याचा एक मैल कॉंक्रीटचा केला. आज तो ५७ क्रमांकाचा राज्यमार्ग आहे. न्यू जर्सीतला तो अगदी सुरुवातीच्या कॉंक्रीट रस्त्यांपैकी एक. रस्त्याला साच्याच्या कोपऱ्यात शिरायचं नसतं. माल घट्ट ठेवून ठोकता येतो. गॅरेजच्या जमिनीचंही तसंच, खाली दाबलेली खडी आणि वर एक सपाट जाड थर. गोठण्या-वितळण्याच्या त्या हवेत वरून घोडागाड्या, मग मोटारी, मग ट्रक गेले, आणि त्या मैलाचा काही भाग पुढे कित्येक दशकं टिकला.

९ डिसेंबर १९१४ च्या संध्याकाळी वेस्ट ऑरेंजच्या कारखान्याला आग लागली. फिल्मच्या इमारतीत सुरू झाली आणि पसरत गेली. कॉंक्रीटच्या इमारती जळत नाहीत या भरवशावर विमा नुकसानीच्या मानाने फार थोडा होता. कॉंक्रीट जळलं नाहीच, पण आतलं सगळं जळलं. एडिसन सदुसष्ट वर्षांचा होता. सांगाडे बरेचसे उभे राहिले म्हणून त्याने लगेच दुरुस्ती सुरू करून थोड्याच आठवड्यांत काम पुन्हा चालू केलं. मॅनेजिंग कमिटीतल्या तरुणांना सांगतो, आपल्या विम्याची रक्कम दर वर्षी पुन्हा तपासा, बिल्डिंग पक्की आहे यावर जाऊ नका.

१९२२-२३ मध्ये न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम बांधलं त्यालाही एडिसनचं सिमेंट लागलं. पण कॉंक्रीट टिकतं कशाने याचं खरं गणित त्याने मांडलं नाही. ते १९१८ मध्ये शिकागोच्या लुईस इन्स्टिट्यूटमधल्या डफ अब्रॅम्स या संशोधकाने मांडलं. हजारो नमुने फोडून त्याने दाखवलं की ताकद मुख्यतः एकाच गोष्टीवर ठरते, सिमेंटच्या वजनाला पाण्याचं वजन किती. सिमेंटला रासायनिक क्रियेसाठी लागतं त्यापेक्षा जास्त घातलेलं पाणी नंतर उडून जातं आणि आपल्या जागी पोकळ्या सोडून जातं. त्याच पोकळ्यांत पुढे बर्फ बसतो.

हे वाचलं त्या दिवशी मला आपलं पार्किंग आठवलं. सात वर्षांपूर्वी आपण खालचा कोबा नव्याने केला. ठेकेदाराचं नाव घेत नाही. मी सकाळपासून खुर्ची टाकून देखरेखीला बसलो होतो. माल पसरत नाही म्हणून माणसं मिक्सरमध्ये बादलीमागून बादली पाणी ओतत होती, आणि मी चहा पीत ते बघत होतो. मला वाटलं, किती चटचट काम करतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर धूळ निघायला लागली, तिसऱ्या वर्षी खड्डे पडले. बिलाच्या चेकवर दुसरी सही माझी आहे. सभेत सगळ्यांनी सिमेंटला दोष दिला तेव्हा मीही मान हलवली होती. ते चूक होतं, हे इथे लिहून ठेवतो.

बर्फावरचा उपाय एडिसनच्या हयातीत सापडला नाही. १८ ऑक्टोबर १९३१ रोजी ग्लेनमाँटमध्ये तो वारला, वय चौऱ्याऐंशी. त्याच दशकात अमेरिकेतल्या काही कॉंक्रीट रस्त्यांचे पोपडे उडत होते आणि काहींचे नव्हते. तपास केला तर न उडणाऱ्या रस्त्यांच्या सिमेंटमध्ये दळताना वापरलेले चरबी-राळेसारखे पदार्थ मिसळलेले सापडले. त्यांनी कॉंक्रीटमध्ये डोळ्याला न दिसणारे असंख्य हवेचे बुडबुडे तयार झाले होते. पाणी गोठून फुगलं की त्याला सरकायला त्या बुडबुड्यांत जागा मिळते, म्हणून कॉंक्रीट फुटत नाही. आता थंड प्रदेशात हे मुद्दाम करतात. आपल्याकडे पार्किंगमध्ये बर्फ पडत नाही, त्यामुळे उद्या कोणी ठेकेदार बुडबुड्यांचं औषध विकायला आला तर त्याला चहा देऊन परत पाठवा. पाण्याची बादली मात्र इथलीही तीच आणि तिथलीही तीच.

एडिसनचा सिमेंट कारखाना त्याच्यामागे फार वर्षं टिकला नाही. मेन्लो पार्कला मूळ प्रयोगशाळेच्या जागी त्याच्या स्मरणार्थ १३१ फुटी मनोरा उभारला, माथ्यावर काचेचा प्रचंड दिवा. ११ फेब्रुवारी १९३८ ला, त्याच्या जन्मदिवशी, तो खुला झाला. मनोरा कॉंक्रीटचा, सिमेंट एडिसनच्याच कंपनीचं. इतक्या हिवाळ्यांनी त्यालाही सोडलं नाही, त्याची मोठी दुरुस्ती करावी लागली. मुलीच्या घरापासून तो गाडीने अगदी जवळ आहे. ग्लेनमाँट थोडं लांब. तिथे आम्ही तिकीट काढून गेलो. बाकीचे पाहुणे गॅरेजातल्या जुन्या गाड्या बघत होते. जावईबापू मला शोधत आले, तर मी दाराशी उकिडवा बसून उंबऱ्याजवळची जमीन न्याहाळत होतो.

मुलीच्या गॅरेजचा कोबा त्या उन्हाळ्यात फोडून नवा केला. खाली खडी दाबून घेतली. दाराकडे फुटाला पाव इंच उतार दिला, म्हणजे वितळलेलं पाणी आत साचायचं नाही. मालात सिमेंटच्या वजनाच्या ४५ टक्क्यांहून जास्त पाणी नाही आणि हवा सहा टक्क्यांच्या आसपास, हे कागदावर लिहून घेतलं. वर आलेलं पाणी पूर्ण जाईपर्यंत थापी लावू दिली नाही. सुकायच्या आत सरळ रेषांत सांधे कापले, म्हणजे भेग जायचीच असेल तर तिथून जावी. मग सात दिवस ओलं गोणपाट, आणि ते ओलं ठेवायचं काम माझं. ओतायच्या दिवशी मालाची गाडी आली, ड्रायव्हरने नळाची पाईप उचलली तेव्हा मी पुढे झालो आणि हात आडवा केला. त्याला माझं इंग्रजी कितपत कळलं कोण जाणे, पण पाईप त्याने खाली ठेवली. पहिल्या हिवाळ्यात गॅरेजात आणि दारासमोर मीठ टाकायचं नाही, वाळू टाकायची, असं मी जावईबापूंना दोनदा सांगून विमानात बसलो. मुलगी दर मार्चमध्ये त्या कोब्याचा फोटो पाठवते. यंदा चौथा आला.